पायथनमध्ये माहिती विचारायची आणि उत्तर छापायचं: दुधाच्या हिशोबातून पहिला प्रोग्राम

पायथन ३ ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा संगणकावर घेतली की बहुधा तिच्यासोबत आयडल हा एडिटर, म्हणजे प्रोग्राम लिहायची खिडकी, येतो. त्यात नवी फाइल उघडा. खालच्या ओळींमधले इनपुट (input), प्रिंट (print) आणि पुढे येणारा फ्लोट (float) हे शब्द इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायचे. बाकी सगळं देवनागरीतच राहू द्या, व्हेरिएबलची, म्हणजे माहिती साठवायच्या जागांची, नावंसुद्धा. पायथन ३ ला ती चालतात, आणि सुरुवातीला आपल्या भाषेतली नावं वाचताना डोकं मोकळं राहतं, असा माझा अनुभव आहे.

सकाळ = इनपुट("सकाळी किती लिटर? ")
संध्याकाळ = इनपुट("संध्याकाळी किती लिटर? ")
प्रिंट(सकाळ + संध्याकाळ)

फाइल सेव्ह करून एफ ५ दाबा. पहिला प्रश्न दिसेल आणि प्रोग्राम तुमच्यासाठी थांबेल. २ लिहून एंटर, मग ३ लिहून एंटर.

उत्तर येतं २३!

इथे नवशिके हमखास अडखळतात, म्हणून घाई करू नका. इनपुट जे आणून देतं ते नेहमी मजकूरच असतं, तुम्ही आकडा लिहिलात तरी. मजकुरात अधिक चिन्ह म्हणजे बेरीज नव्हे, जोडणी. ‘दूध’ला ‘वाला’ जोडावं तसा २ ला ३ चिकटला. बेरीज हवी तर आधी मजकुराची संख्या करावी लागते:

एकूण = फ्लोट(सकाळ) + फ्लोट(संध्याकाळ)
प्रिंट("आज एकूण", एकूण, "लिटर")

आधीची प्रिंटची ओळ काढून या दोन लिहा. आता उत्तर ५.० येईल. फ्लोट मजकुराची दशांश चालणारी संख्या करतो; तो घेतला कारण दूध दीड लिटरही असतं. नुसत्या पूर्ण संख्यांसाठी इंट आहे, पण त्याला १.५ दिलं तर तो अडतो. स्वल्पविरामाच्या जागी प्रिंट स्वतःच मोकळी जागा सोडतं.

मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे प्रश्नाचं उत्तर मराठी अंकांत दिलं तरी फ्लोट ते ओळखतो. छापताना मात्र अंक इंग्रजीच येतात, आणि प्रोग्रामच्या ओळीत थेट संख्या लिहायची तर तीही इंग्रजी अंकांतच.

‘सिंटॅक्स एरर’ दिसली तर आधी अवतरणचिन्हं तपासा. वर्डमधून चिकटवलेली वाकडी चिन्हं पायथनला चालत नाहीत. ती पुसून आयडलमध्येच सरळ टाइप करा. ‘व्हॅल्यू एरर’ आली तर कुणीतरी आकड्याऐवजी ‘दोन’ किंवा ‘२ लिटर’ असं लिहिलं असेल. प्रश्नातच "फक्त आकडा लिहा" एवढं घाला.