पावसाळी गटारात वायरलेस सेन्सर बसवताय? या चुका टाळा

पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवायला आपण कोरडा दिवस निवडतो आणि त्याची खरी गरज पडते गटार तुडुंब भरल्यावर. माझ्यापर्यंत आलेल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे अल्ट्रासॉनिक सेन्सरचा, म्हणजे वरून ध्वनिलहर सोडून तिच्या प्रतिध्वनीवरून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणाऱ्या सेन्सरचा, ब्लाइंड झोन विसरणं. लहर सोडल्यावर सेन्सरचा पडदा क्षणभर थरथरत राहतो, त्यामुळे अगदी जवळून परतलेला प्रतिध्वनी त्याला पकडता येत नाही. अनेक मॉडेलांत हा पट्टा 20 ते 30 सेंटिमीटरचा असतो. एका गटारात आम्ही घाईघाईत सेन्सर झाकणापासून बराच खाली टांगला. पहिल्या मोठ्या पावसात आलेख चढत गेला आणि एकदम खाली आला. स्क्रीनसमोर बसलेले म्हणाले, पाणी ओसरलं. मला ते पटेना, म्हणून जागेवर गेलो. टॉर्च मारला तर पाणी सेन्सरच्या तोंडापासून वीतभरावर आलेलं आणि चढतच होतं. पहिला प्रतिध्वनी हुकला होता, पाणी आणि सेन्सर यांच्यामध्ये दोन फेऱ्या मारून आलेला दुसरा त्याने धरला होता. म्हणून 24 सेंटिमीटरचं अंतर 48 दिसत होतं.

तेव्हापासून मी आधी टेपने धोक्याची पातळी मोजतो, तिच्यावर ब्लाइंड झोन आणि वर आणखी चार बोटं सोडतो. तेवढी उंची मिळाली नाही तर तळाशी दाबाचा सेन्सर लावतो. शिवाय वरच्या बाजूला एक साधा फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याने तरंगून वर आला की चालू होणारा स्विच, असतोच. 'कोडमध्ये दुरुस्त करू' म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. जो प्रतिध्वनी ऐकूच आला नाही, तो कोड कुठून आणणार?

दुसरी चूक, झाकण उघडं ठेवून सिग्नल तपासणं. बिडाचं झाकण बसलं की सिग्नल कोसळतो. मग लोरा नोड (लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओने रीडिंग पाठवणारा सेन्सरचा डबा) सर्वांत संथ वेगावर जातो, प्रत्येक संदेश हवेत जास्त वेळ राहतो आणि बॅटरी अंदाजाच्या कितीतरी आधी संपते. झाकण लावा, वर गाडी उभी करा आणि मग तपासा. अँटेना पाण्याखाली गेली तर संदेश जाणारच नाहीत, त्यामुळे रीडिंग वेळेसकट नोडमध्येच साठवा. स्क्रीनवर शेवटचं रीडिंग किती मिनिटांपूर्वीचं आहे तेही ठळक दाखवा. जुना आकडा ताजा समजून घेतलेले निर्णय मी पाहिलेत.

दाबाच्या सेन्सरला बाहेरच्या हवेचा दाब कळवणारी नळी ओलाव्याने तुंबू देऊ नका. ती तुंबली, तर हवेचा दाब 10 हेक्टोपास्कलने बदलला तरी पातळीत जवळपास 10 सेंटिमीटरचा फरक दिसतो.

डब्यावर लिहिलेला जलरोधक दर्जा आयपी67 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं. रात्रभर बुडणाऱ्या डब्याला ते पुरत नाही.

कोरड्या दिवशी 15 मिनिटांनी एक रीडिंग ठीक आहे. पातळी चढायला लागली की मी ते 1 मिनिटावर आणतो.

गाळ काढला की सेन्सरची शून्य पातळी पुन्हा तपासा.

आणि झाकण उघडल्यावर आधी गॅस मीटर खाली सोडा. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचं प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वास येणं बंद होतं. खाली पडलेला स्क्रू उचलायला कोणी आत उतरू लागलं, की मी काम तिथेच थांबवतो.