वेल्डिंग करूनही पिकअपच्या दाराची चौकट पुन्हा तडकते?

बेळगावची भाजी घेऊन जांबोटी-चोर्ल्यामार्गे गोव्याला जाणाऱ्या पिकअपच्या चौकटीला तडा गेला की गाडी थेट वेल्डिंगवाल्याकडे. टाका मारला, रंग फासला, आणि शेजारीच पुन्हा तडा! पत्र्याला शिव्या देण्याआधी केबिन पिळतेय का ते बघा.

सपाट जागेवर दार आणि खांब यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत चाचपा. मग पुढचं एकच चाक जाड फळीवर चढवून पुन्हा बघा. थोडा फरक पडायचाच. पण दार अडकायला लागलं तर केबिनखालचे रबर बुश (केबिन आणि चासी यांच्यामधल्या रबरी गाद्या) आणि बोल्ट तपासा. चेपलेलं रबर, बोल्टाभोवती गंजाची लाल भुकटी म्हणजे तिथे हालचाल आहे. (ओव्हरलोड असेल तर नवे बुशही फार टिकणार नाहीत, हे मालकाला कोण सांगणार!)

तडा बिजागरीपाशी असेल तर दार अर्धं उघडून टोकाकडून वर उचला. खडखडलं तर पिन झिजलीय.

कारण दूर केल्यावरच वेल्डिंग. आधी रंग खरवडून तड्याचं खरं टोक शोधा, तिथे ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. आणि बॅटरीच्या वायरी काढायला विसरू नका.