सिग्नल तोडला, दंड भरला... आता रेसिडेन्सीच्या फॉर्ममध्ये काय टिक करायचं?

रात्री पावणेबाराला एका ज्युनियर डॉक्टरचा फोन आला, रेसिडेन्सीचा, म्हणजे डिग्रीनंतरच्या हॉस्पिटल ट्रेनिंगचा अर्ज भरत होता, "दादा फॉर्मची लास्ट डेट आज आहे आणि त्यात गुन्ह्याबद्दल विचारलंय, मी दोन वर्षांपूर्वी नाइट ड्यूटीवरून येताना सिग्नल तोडला होता, नो टिक करू का?" आवाज असा की जणू खून करून आलाय. म्हटलं आधी पाणी पी, आणि मग तो प्रश्न मला जसाच्या तसा वाचून दाखव, तुझ्या शब्दात सांगू नकोस. वाचला तर "दोषी ठरवलं गेलं आहे का" असं होतं, आणि त्याच ओळीत पुढे "किरकोळ वाहतूक दंड वगळून". विषय संपला! दोन मिनिटांचं काम, त्यासाठी पोराने तीन तास झोप घालवली होती.

तर पहिली गोष्ट, प्रश्नातलं क्रियापद बघा. पकडलं होतं का, आरोप ठेवला होता का, आणि दोषी ठरवलं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि घाईत आपण तिन्हीला "काही लफडं झालंय का" असं वाचतो. अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म अटकेबद्दलसुद्धा विचारतो, म्हणजे पोलिसांनी अटक करून नंतर सोडून दिलं, केस उभीच राहिली नाही, तरी तिथे उत्तर हो. ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणारी जनरल मेडिकल कौन्सिल म्हणते की आरोप ठेवला गेला, पोलिसांची कॉशन (गुन्हा कबूल केल्यावर कोर्टात न नेता दिलेली औपचारिक ताकीद) घेतली किंवा दोषी ठरलात तर उशीर न करता कळवा, पण गाडीचा साधा फिक्स्ड पेनल्टीवाला, म्हणजे कोर्टात न जाता भरायचा ठरावीक दंड भरून मोकळे झालात तर कळवायची गरज नाही. ऑस्ट्रेलियात रजिस्टर्ड डॉक्टर आणि मेडिकल स्टुडंट दोघांनाही ७ दिवसांत कळवावं लागतं, आणि तिथली मेख अशी की गुन्ह्याला कैद *होऊ शकत होती* का हे बघतात, तुम्हाला प्रत्यक्षात काय शिक्षा झाली हे नाही.

ही मेख नीट समजून घ्या कारण इथेच पोरं फसतात. "फक्त दंड भरला" म्हणजे गुन्हा किरकोळ असं होत नाही. आपल्याकडच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ घ्या, १०० मिली रक्तात ३० मिग्रॅच्या वर दारू सापडली की पहिल्याच वेळी दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कोर्टात जाऊन पैसे भरून आलात, घरी कोणाला कळलंही नाही, तरी कागदावर तो कैदेची तरतूद असलेला गुन्हाच आहे. उलट पार्किंगचा दंड चार वेळा झाला असेल तरी सिलेक्शन कमिटीला त्याचं काही पडलेलं नसतं. आणि जागा बदलली की गुन्ह्याची जातही बदलते, अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात ताशी ८५ मैलांच्या वर गाडी गेली की ते रेकलेस ड्रायव्हिंग धरतात, म्हणजे सरळ मिसडिमीनर (गंभीर गुन्ह्यापेक्षा हलका, पण फौजदारी गुन्हाच), आणि ते मग रेसिडेन्सीच्या अर्जात मिसडिमीनरच्या रकान्यात येतं. स्पीडिंगच तर होतं म्हणून सोडून दिलं की अडकलात.

म्हणून फॉर्म उघडायच्या आधी कागद काढा. कलम कुठलं लावलं होतं, जागेवर दंड होता की कोर्टात गेलं, निकाल काय, पैसे भरल्याची पावती. आठवणीवर अजिबात जाऊ नका, "सिग्नलच तर होता" म्हणणाऱ्याच्या कागदावर बेदरकार ड्रायव्हिंग लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. कोर्टाची तारीख असेल तर ती चुकवू नका, दंडाने काही बिघडत नाही पण तारखेला न गेल्याने वॉरंट निघालं तर ते निस्तरताना नाकी नऊ येतात. आणि हो, पोलिसाला गळ्यातलं हॉस्पिटलचं आयकार्ड दाखवून हुज्जत घालू नका, दंड राहतो बाजूला आणि कॉलेजकडे तक्रार जाते ती वागणुकीची.

सांगावं लागणार असेल तर पाच ओळींत सांगा. काहीसं असं: "अमुक तारखेला रात्री मर्यादेपेक्षा जास्त वेगाने गाडी चालवल्याबद्दल माझ्यावर या कलमाखाली केस झाली. मी चूक मान्य केली, दंड त्याच महिन्यात भरला, केस बंद आहे, आदेशाची प्रत जोडली आहे. त्यानंतर एकही केस नाही." बास. पोलीस कसा उर्मट होता, रस्त्यावर बोर्डच नव्हता, हे सगळं मित्रांना सांगायला ठेवा. थकव्याचं काय, तर २००५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इंटर्नांवरचा अभ्यास आला होता, २४ तास किंवा जास्त ड्यूटी करून घरी जाताना अपघाताची शक्यता २.३ पट निघाली होती, त्यामुळे मुद्दा खरा आहे. पण लिहायचाच तर एक वाक्य, आणि त्याला जोडून "आता लाँग ड्यूटीनंतर मी गाडी चालवत नाही" हे हवं, नाहीतर ते रडगाणं वाटतं.

दारूची केस असेल तर मात्र हे सगळं घरगुती ज्ञान बाजूला ठेवा आणि वकील गाठा. तिथे प्रश्न गाडीचा राहतच नाही, हा माणूस पेशंटच्या बाबतीत सेफ आहे का असा होतो, त्यामुळे तब्येतीची वेगळी तपासणी लागू शकते. अमेरिकेच्या व्हिसावर असाल तर दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो, कोर्टाचा निकाल यायच्या आधीच. अशा वेळी प्रोग्रॅम डायरेक्टरला, म्हणजे तुमच्या ट्रेनिंगच्या प्रमुखाला, बातमी तुमच्याकडून कळलेली बरी, दुसऱ्याकडून कळली की तुमचं बोलणं ऐकायच्या आधीच त्यांचं मत झालेलं असतं.

शेवटचं, जे लिहाल ते एका फाइलमध्ये सेव्ह करा, पावती आणि आदेशाच्या स्कॅनसकट. रजिस्ट्रेशन, व्हिसा, फेलोशिप, नोकरी, पुढची दहा वर्षं हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहणार, आणि एका फॉर्ममध्ये मार्च अन् दुसऱ्यात मे लिहिलंत तर मूळ दंडापेक्षा त्या दोन महिन्यांचाच खुलासा जास्त द्यावा लागेल. त्या ज्युनियरने त्या रात्री नो टिक केलं, बरोबरच केलं, आणि प्रश्नाचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोल्डरमध्ये टाकला.