शोभेच्या केळी पुण्याच्या हिवाळ्यात कशा जगवाव्यात

पुण्यात जानेवारीत हातच्या गेलेल्या बहुतेक शोभेच्या केळी थंडीने जात नाहीत, ओल्या मातीने जातात. रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर आला की केळीची मुळं पाणी ओढणं जवळजवळ थांबवतात. पानं मलूल आणि पिवळट दिसायला लागतात. माणसाला वाटतं झाडाला तहान लागली, म्हणून तो आणखी पाणी घालतो आणि गार, चिंब मातीत कंद सडायला लागतो. त्यामुळे हिवाळ्यातली निम्म्याहून जास्त काळजी ही पाण्याची काळजी आहे. झाकणं, गुंडाळणं वगैरे त्यानंतर.

आधी झाडाची रचना ध्यानात घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक कृती कशासाठी करायची ते कळेल. वर दिसणारं जाड खोड हे खरं खोड नव्हे, ते पानांच्या देठांचे एकात एक बसलेले थर आहेत. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. झाड फुलावर आलेलं नसेल तर वाढीचा कोंब या कंदाच्या माथ्यावर, मातीच्या पातळीजवळ असतो आणि नवं पान तिथून निघून सुरळीच्या रूपात वर येतं. म्हणून सगळी पानं करपली, वरचं खोडही गेलं, तरी कंद घट्ट असेल तर झाड जिवंत आहे. कंद मऊ पडला की मात्र वरची हिरवी पानं चार दिवसांची सोबत.

केळीला २६ ते ३० अंश तापमान मानवतं. १५-१६ अंशांखाली वाढ मंदावून थांबते, दहाच्या खाली पानांना इजा दिसू लागते आणि शून्याला पानं काळी पडतात. पुण्यात सहसा शून्याची वेळ येत नाही. शहराचा नोंदलेला नीचांक १७ जानेवारी १९३५ चा, १.७ अंश. पण पाषाण, एनडीए, खडकवासल्याकडचा भाग आणि नदीकाठची खोलगट जागा इथला पारा गजबजलेल्या वस्त्यांपेक्षा दोन-चार अंशांनी उतरतो, कारण गार हवा जड असते आणि खोलगट जागेत साठते. पेपरातल्या आकड्यावर विसंबू नका. दीड-दोनशे रुपयांचा तापमापक कुंडीच्या उंचीवर टांगा आणि पहाटे सहाला पाहा.

कोणती केळ आहे, त्यावर उपाय ठरतो

सगळ्या शोभेच्या केळींना एकच नियम लावल्यामुळे बरीच झाडं वाया जातात.

लाल-जांभळ्या पानांची, जाडजूड बुंध्याची केळ म्हणजे बहुधा एन्सेट व्हेन्ट्रिकोसमची 'मॉरेली' जात. ती इथिओपियाच्या उंच पठारांकडची आहे, तिला मुनवे (कंदाच्या बाजूने फुटणारी पिल्लं) फुटत नाहीत आणि पुण्याचा हिवाळा तिला मानवतो. लंडनची माणसं ती ऑक्टोबरात उपटून घरात ठेवतात. ते वाचून पुण्यात तसं करण्याचं काहीच कारण नाही. उन्हात ठेवा आणि वाढू द्या. तिची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते.

पानांवर तांबडे पट्टे असलेली झेब्रिना सर्वांत नाजूक. दहाच्या खाली तिच्या पानांच्या कडा तपकिरी होतात. पुण्यात संरक्षण द्यायचं तर आधी हिला द्या.

गुलाबी केसाळ फळांची मुसा व्हेलुटिना आणि गुलाबी फुलांची मुसा ऑर्नाटा या ईशान्य भारताकडच्या. हिवाळ्यात वाढ थांबते, पानं थोडी खराब होतात, पण कंद चिवट असतो आणि मुनवे भरपूर येतात. जपानी केळ म्हणून विकली जाणारी मुसा बासजू कुठे मिळाली, तर पुण्यात तिला थंडीपासून कसलंही संरक्षण नको.

आणि आपली सह्याद्रीतली रानकेळ. कवदर, चवेणी अशा नावांनी ओळखली जाणारी ही केळ कड्याकपारीत पावसाळाभर वाढते आणि पाऊस सरला की पानं वाळवून नुसत्या फुगीर बुंध्यावर उन्हाळा काढते. रोपवाटिकेतून आणलेलं तिचं रोप कुंडीत असेल तर पानं वाळायला लागताच पाणी हळूहळू बंद करा आणि कुंडी पावसाच्या माऱ्यापासून दूर, कोरडी ठेवा. मे अखेरीस पुन्हा सुरुवात. पानं वाळली म्हणून घाबरून पाणी घातलं तर ती हमखास सडते. डोंगरातून उपटून मात्र आणू नका. हिला मुनवे येत नाहीत, बियांवरच पुढची पिढी अवलंबून असते.

तयारी नवरात्रापासून

नत्र सप्टेंबरअखेर बंद. युरिया, ताजं शेण, जीवामृत, काहीच नको. उशिरा दिलेल्या नत्राने लुसलुशीत पानं येतात आणि पहिल्या थंडीत तीच जातात. ऑक्टोबरात सल्फेट ऑफ पोटॅश (०:०:५०) लिटरला ५ ग्रॅम विरघळवून, १४ इंची कुंडीला दीड लिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा द्या. पालाशाने पेशी कणखर होतात. चुलीची राख हा जुना उपाय इथल्या काळ्या, मुळातच विम्लधर्मी मातीत टाळलेला बरा.

मुनवे आता काढू नका. गार मातीत जखम लवकर भरत नाही आणि तिथूनच कुज शिरते. कुंडीबदलही थांबवा. दिवाळीच्या आवराआवरीत हाताला काम हवं असेल तर कुंड्यांची भोकं तारेने मोकळी करा आणि प्रत्येक कुंडी दोन-तीन विटांवर उचला. गच्चीच्या गार फरशीला टेकलेली कुंडी रात्रभर खालून थंड होते आणि भोकंही बुजतात. खालच्या ताटल्या होळीपर्यंत काढून ठेवा.

जागा दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून वारा येत असेल तर त्या बाजूला ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट उभी बांधा. पुण्याचा हिवाळी वारा कोरडा असतो, तो पानं चिरतो आणि सुकवतो. पंधराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत थंडीपेक्षा हा वाराच जास्त नुकसान करतो.

पाणी

बोट दोन इंच मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी नाही. कोरडं लागलं तर १४ इंची कुंडीला लिटरभर. डिसेंबर-जानेवारीत हे साधारण पाच ते सात दिवसांतून एकदा येतं. जमिनीतल्या झाडाला, माती काळी असेल तर, पंधरवड्यातून एकदा पुरे. वेळ सकाळी दहानंतरची, संध्याकाळी कधीच नाही. आणि पाणी मातीला घाला, पानाच्या सुरळीमध्ये नको. देठांच्या खोबणीत साठलेलं पाणी रात्री गार होतं आणि थेट कोंबापर्यंत झिरपतं.

जळगावकडे थंडीत केळीच्या बागेला रात्री पाणी देतात, शेकोट्या पेटवून धूर करतात, हे ऐकून काही जण गच्चीवर तसं करायला जातात. बागेचं गणित वेगळं आहे. विहिरीचं पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली झालेली एकरभर जमीन ती ऊब धरून ठेवते. वीस-पंचवीस लिटर मातीची कुंडी चारही बाजूंनी उघडी असते, ती तासाभरात गार पडते आणि मागे फक्त चिखल उरतो.

पानांच्या कडा तपकिरी होणं नेहमी थंडीमुळेच असतं असं नाही. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने क्षार साठतात, तेव्हाही कडा जळतात. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पापडी दिसत असेल तर कारण ते आहे. अशा वेळी मार्चमध्ये कुंडीच्या मापाच्या दुप्पट गोड पाण्याने माती धुवून काढा. थंडीत हे करू नका.

आच्छादन

भाताचा पेंढा, उसाचं पाचट किंवा रस्त्याकडेचा वाळका पाला, काहीही चालेल, पण कोरडं हवं. १० सेंटिमीटरचा थर द्या आणि बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. बुंध्याला चिकटलेला पाला दवाने ओला राहतो आणि पुण्यात तोच कुजीला आमंत्रण देतो.

पानं कापण्याची घाई नको. अर्ध्याहून जास्त हिरवं पान अन्न बनवत असतं. पूर्ण वाळलेली पानं देठाकडे तीन-चार इंच ठेवून कापा. बुंध्याभोवतीच्या वाळलेल्या सोपटांचा, म्हणजे देठांच्या सालींचा, थर ऊब धरतो. मात्र दर पंधरा दिवसांनी सोपट उचकटून पिठ्या ढेकूण बघा. दिसला तर निंबोळी तेल ३ मिलि आणि साबणाचे दोन-चार थेंब लिटरभर पाण्यात घालून कापडाने पुसा. फवारणी करणार असाल तर सकाळी, म्हणजे दुपारपर्यंत झाड सुकतं. करप्याचे लांबट तपकिरी ठिपके असलेले पानाचे भाग कापून घराबाहेर टाका, आच्छादनात मिसळू नका.

तापमापक ८ अंशांखाली जाणार असं दिसलं तर झेब्रिना आणि लहान रोपांवर संध्याकाळी सहाला आच्छादन घाला. टोमॅटो, कलिंगडाचे शेतकरी वापरतात ते पांढरं क्रॉप कव्हर, जुनी सुती चादर किंवा गोणपाट. चार काठ्या उभ्या करून त्यावर टाका, कापड पानांना टेकू देऊ नका आणि खाली जमिनीपर्यंत येऊ द्या, म्हणजे मातीतून येणारी ऊब आत राहते. प्लास्टिक नको. त्याच्या आतून पाणी सुटतं आणि जिथे ते पानाला चिकटतं तिथे पान आधी काळं पडतं. सकाळी नऊला आच्छादन काढाच.

महाबळेश्वर आणि त्याहून गार जागा

वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दव गोठतं. तिथे बंगला असेल किंवा नातलग हिमाचलात, इंग्लंडात केळ लावून बसले असतील, तर पद्धत बदलते. आता प्रश्न गोठण्याचा आहे.

पहिल्या हिमकणांनी पानं काळी पडली की ती कापा आणि खोड तीन-चार फूट उभं ठेवा. भोवती कोंबडीजाळीचं कडं करा, खोडापासून सगळीकडे फूटभर अंतर राहील एवढं. आत कोरडा पेंढा न दाबता भरा, कारण ऊब पेंढ्यातल्या हवेत असते. इथे पेंढा बुंध्याला भिडलेला चालतो, कारण वर पत्र्याचं किंवा ताडपत्रीचं छप्पर असतं. छप्पर फक्त माथ्यावर, बाजू उघड्या. चहूबाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं तर आतला पेंढा भिजून खोड सडतं. बासजू अशा कड्यात उणे तापमानातही टिकते.

एन्सेटला मात्र तिथे उचलावंच लागतं. मधली सुरळी ठेवून बाकी पानं कापा, कंद मुळांसकट खणा, लांब मुळं छाटा. मग झाड आठवडाभर उलटं ठेवा, म्हणजे देठांच्या खोबणीतलं पाणी निथळून जाईल. ही पायरी गाळली की फेब्रुवारीत मधला कोंब सडलेला सापडतो. नंतर जेमतेम दमट कोकोपीटमध्ये, ७ ते १० अंशांच्या अंधाऱ्या जागी ठेवा. महिन्याने बुंधा दाबून पाहा. सुरकुतला असेल तर पेलाभर पाणी पुरे.

सड लागली तर

सुरळी हलकेच ओढा. घट्ट असेल तर ठीक. सहज हातात आली आणि खाली घाण वास आला, तर कोंबाकडे कुज पोचली आहे. धारदार सुरीने खोड वरून दोन-दोन इंचांच्या चकत्या करत खाली या. आतला भाग स्वच्छ पांढरा दिसला की थांबा. प्रत्येक कापाआधी सुरी स्पिरिटने पुसा, नाहीतर तीच रोग खाली नेते. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पाण्यात कालवलेली दाट पेस्ट लावा, कुंडी पावसाच्या आणि दवाच्या आडोशाला ठेवा आणि दोन आठवडे पाणी बंद. कंद निरोगी असेल तर मधूनच नवी सुरळी वर येते. कंदापर्यंत तपकिरी पाणीदार भाग गेला असेल तर मुनवे असणाऱ्या जातीत बाजूचा निरोगी मुनवा वाचवा. एन्सेट असेल तर झाड गेलं.

फुलून गेलेलं खोड वाळतं ते थंडीने नव्हे. केळीचं प्रत्येक खोड एकदाच फुलतं आणि मरतं. डिसेंबरात आलेलं केळफूल गारठ्यामुळे अर्ध्यात अडकलं तर सोपटं फाडून त्याला वाट करून देऊ नका, ऊब आली की बहुतेक वेळा ते पुढे सरकतं.

थंडी सरताना

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते खरी, पण कुंडीसाठी खूण तापमापकाची: सलग आठवडाभर पहाटे १५ अंश किंवा वर. मग पाणी वाढवा, आधी चार दिवसांनी लिटरभर, नंतर दोन दिवसांनी. नवीन दोन पानं उलगडेपर्यंत खत नाही, कारण मुळं जागी व्हायच्या आत दिलेलं खत मातीतच क्षार होऊन बसतं. दुसरं पान उघडलं की १६ इंची कुंडीला अर्धा किलो गांडूळखत, ५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि दर पंधरवड्याला १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅम.

मुनवे काढणं आणि कुंडीबदल आता करा. फूट-दीड फुटाचा, अरुंद तलवारीसारख्या पानांचा मुनवा घ्या, मुळांसकट. रुंद पानांचे पाणमुनवे दिसायला छान असतात पण त्यांचा कंद लहान असतो, ते रडतखडत वाढतात.

मार्चचं ऊन पुण्यात एकाएकी चढतं. भिंतीच्या आडोशाला हिवाळा काढलेली पानं त्यात दोन दिवसांत भाजतात, म्हणून पहिले आठ-दहा दिवस दुपारी शेडनेटखाली ठेवा. झेब्रिना आणि व्हेलुटिना त्यानंतर बाहेर काढा. लाल एन्सेटवरची शेडनेट मात्र पावसाळा लागेपर्यंत उतरवू नका.