खोडव्यातलं पाचट पेटवू नका, असं कुजवा

ऊस तुटून गेला की फडाला काडी लावायची सवय अजून बऱ्याच गावांत आहे, आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं, पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, लवकर कुजतच नाही. बरोबर आहे, कारण त्यात लिग्निन नावाचा चिवट घटक आहे. पानाच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांच्या फटींत लिग्निन घट्ट बसलेलं असतं, म्हणून पान वाळलं तरी ताठच राहतं. बाकीचा पाला जिवाणू पटापट खातात पण लिग्निन तोडायचं काम मुख्यतः बुरशीचं, आणि तिला ओल पण लागते आणि हवा पण. आता हेच चिवट लिग्निन हळूहळू मोडतं तेव्हा जमिनीत ह्युमस, म्हणजे कुजून झालेला काळा सेंद्रिय भाग, तयार व्हायला मदत होते, म्हणजे आपण जे जाळतो तेच खरं कामाचं असतं! पेटवलं की कर्ब आणि नत्र हवेत जातं, हातात राख.

तर करायचं असं. तोडणी झाली की पाचट सरीत ओढून घ्या, बुडखे, म्हणजे तोडलेल्या उसाचे राहिलेले खुंट, मोकळे करा, नाहीतर खोडव्याचे, म्हणजे त्याच बुडख्यांवर येणाऱ्या पुढच्या पिकाचे, फुटवे नीट येत नाहीत. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा आणि त्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, १० लिटर पाण्याला १० ग्रॅम, फवारा. पण फवारा फक्त बुडख्यावर हं, पाचटावर नको, तिथली बुरशी आपल्याला जिवंत पाहिजे.

मग हेक्टरी ८ ते १० टन पाचट धरून, टनाला ८ किलो युरिया आणि १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट त्यावर पसरा. युरिया कशाला, तर पाचटात कर्ब भरमसाठ आणि नत्र जेमतेम अर्धा टक्का, त्यामुळे कुजवणारे जीव मातीतलं नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. युरिया वाचवायला जाऊ नका. त्यानंतर टनाला १ किलो पाचट कुजवणारं कल्चर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून टाका, आणि पाणी द्या. पाण्याने पाचट बसतं, मातीला चिकटतं, तिथूनच कुजायला सुरुवात होते. सरी तुंबवून मात्र ठेवू नका, हवा बंद झाली की लिग्निनचं काम थांबलंच.

काही आठवड्यांनी खालचं पान उचलून बघा, पांढरे धागे दिसतील, बोटांनी चुरडलं तर पान तुटेल. हा रोग नाही, औषध मारू नका. वरचा थर तोपर्यंत कोरडाच दिसतो, त्यावरून अंदाज बांधू नका.

खोडव्याची खतं पाचटावर फेकून उपयोग नाही, वापशावर, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसताना, पहारीने बुडख्याजवळ १५-२० सेंमी खोल भोक पाडून द्या आणि मातीने बुजवा.