दुर्बिणीतून खुब्याची शस्त्रक्रिया: मांडीच्या हाडाचा पीळ आधी मोजून घ्या

दुर्बिणीतून खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या दोन रुग्णांच्या अंगावरील छिद्रे आणि टाके सारखेच दिसतात; पण काही महिन्यांनी एकजण रंकाळ्याभोवती फेरी मारू लागतो आणि दुसऱ्याच्या जांघेत अजूनही कळ येत असते. या फरकाची कारणे अनेक असली, तरी साध्या एक्स-रेवर मोजता न येणारे आणि म्हणून सहज निसटणारे एक कारण म्हणजे मांडीच्या हाडाचा पीळ.

हे हाड सरळ नळीसारखे नसते. गुडघ्याची आडवी रेषा आधार धरली, तर खुब्याजवळची हाडाची मान तिच्यापेक्षा किंचित पुढे वळलेली असते. जन्मतः हा कोन, म्हणजेच पीळ, ३० ते ४० अंशांचा असतो आणि वाढीच्या वयात कमी होत प्रौढपणी साधारण १० ते २० अंशांवर येतो. कोन फार जास्त राहिला, तर हाडाचा गोळा उखळीच्या पुढच्या बाजूला रेटला जातो; फार कमी किंवा उलटा असला, तर पाय वाकवून आत वळवताना हाड उखळीच्या कडेवर लवकर आदळते.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असल्यास पालथे झोपावे, गुडघे काटकोनात वाकवावेत आणि पावले आधी बाहेरच्या बाजूला आणि मग आतल्या बाजूला सैल पडू द्यावीत. पावले बाहेर खूप पडत असतील आणि आत फारशी येत नसतील, तर पीळ जास्त असण्याची शक्यता असते. उलट दिसल्यास तो कमी असू शकतो. मात्र हाडाच्या मानेवर उंचवटा वाढला असेल, तर त्यानेही पावले बाहेर पडणे अडते, त्यामुळे ही चाचणी केवळ इशारा समजावी. खरा आकडा सीटी स्कॅन किंवा एमआरआयमधून मिळतो, आणि त्यासाठी पाय न हलवता एकाच वेळी मांडीच्या हाडाच्या मानेची व गुडघ्याची अशा दोन्ही ठिकाणची चित्रे घ्यावी लागतात. नेहमीच्या खुब्याच्या एमआरआयमध्ये गुडघा येतच नाही, म्हणून तपासणीची वेळ ठरवतानाच हे सांगून ठेवावे. नाहीतर दुसऱ्यांदा जाण्याचा भुर्दंड पडतो, आणि असे रुग्ण मी पाहिले आहेत.

आकडा हाती आल्यावर शल्यचिकित्सकांना थेट विचारावे की केवळ दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने भागेल का. उंचवटा तासता येतो, फाटलेले लेब्रम (उखळीच्या कडेची कूर्चेची गोल पट्टी) शिवता येते, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. पीळ उलटा असलेल्यांना कमी सुधारणा होते असे काही अभ्यासांत दिसले, तर इतरांत तसा फरक आढळला नाही. त्यामुळे आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. जास्त पीळ आणि उथळ उखळी असे दोन्ही एकत्र असतील, तर मात्र सावध व्हावे. अशा खुब्यात पुढून जाणारा स्नायूबंध सांध्याला आधार देत असतो, म्हणून तो सैल करण्याचा बेत असल्यास कारण विचारावे आणि सांध्याचे वेष्टन पुन्हा शिवणार का, हेही विचारावे. पीळ टोकाचा असल्यास हाड कापून, फिरवून सळीने किंवा पट्टीने बसवण्याचा पर्याय असतो. ती मोठी शस्त्रक्रिया आहे.

शस्त्रक्रियेनंतर बहुधा २ ते ४ आठवडे कुबड्या लागतात. जास्त पीळ असलेल्यांनी या काळात पाय बाहेर वळवणे आणि मागे ताणणे टाळावे. म्हणजे पंगतीत मांडी घालणे, लांब ढांगा टाकणे आणि शस्त्रक्रिया झालेल्या पायावर गर्रकन वळणे नको. कमी पीळ असलेल्यांना धोका असतो तो खोल वाकण्याचा: उकिडवे बसणे आणि बुटक्या पाटावर बसणे बंद, शौचालयात कमोड हवा, सायकलिंगच्या यंत्राची सीट उंच हवी. अशांची पावले चालताना अनेकदा मुळातच बाहेर वळलेली असतात, त्यामुळे ‘पाय सरळ टाक’ हा घरच्यांचा आग्रह येथे नुकसान करतो.

कोल्हापुरात हा प्रश्न तालमीत हमखास येतो. माझ्याकडे आलेला एक तरुण पैलवान पाचव्या महिन्यात, डॉक्टरांच्या परवानगीने, अर्धी बैठक मारत होता. पावले समोर ठेवली की तो जांघेवर अंगठा दाबून थांबे. तीच पावले वीतभर अंतर वाढवून थोडी बाहेर वळवली की कळ नाहीशी होई. त्याच्या अहवालातील पिळाचा आकडा शून्याच्या खाली होता. मी वस्तादांना तो कागद दाखवला, त्यांनी काही न बोलता लाल मातीत काठीने दोन तिरक्या रेघा ओढल्या, आणि त्याच्या बैठका आता त्या रेघांवर पावले ठेवून होतात.