परड्यात ट्रॅम्पोलिन बसवताय? या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कोल्हापूरजवळच्या पाचगावला दादाकडे सगळी भावंडं जमली होती. परड्यात नवंकोरं दहा फुटी ट्रॅम्पोलिन, भोवतीनं उंच जाळी, कडेला जाड फोम. माझा बारा वर्षांचा मुलगा आणि दादाची चार वर्षांची लेक दोघं मिळून उड्या मारत होती. पाचच मिनिटांत लेक रडायला लागली. ती बाहेर पडली नव्हती, कशावर आपटली नव्हती, साधं खरचटलंही नव्हतं. वहिनी म्हणाली, "मुरगळला असेल पाय, तेल लावून बघू." संध्याकाळपर्यंत पोरीनं पाय टेकवलाच नाही, तेव्हा एक्स-रे काढला. गुडघ्याच्या जरा खाली, नडगीच्या हाडाला तडा गेला होता.

जाळी जागच्या जागी होती. चूक आमची होती, आणि ती बहुतेक घरांत होते, म्हणून आधी तिच्याबद्दलच.

एका वेळी एकच

वजनदार मूल मॅटवर उतरलं की मॅट खाली जाते आणि ताणलेल्या स्प्रिंगा तिला तितक्याच जोरानं वर ढकलतात. नेमकं त्याच क्षणी लहान मूल खाली येत असेल, तर त्याच्या पायाखाली मऊ मॅट नसते. वर येणारी, ताठ झालेली मॅट त्याच्या पायावर आदळते. फरशीवर उडी मारल्यासारखाच तो मार, किंबहुना जास्त. मोठ्याला काहीच कळत नाही, कारण त्याला फक्त मजा आलेली असते. नडगीच्या वरच्या टोकाला पडणारा असा तडा डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा आहे. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं 2012 साली लिहून ठेवलंय की ट्रॅम्पोलिनवरच्या सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकापेक्षा जास्त जण एकदम उडी मारताना होतात, आणि त्यातही सोसावं लागतं ते सगळ्यात लहानाला. ही संस्था तर घरी ट्रॅम्पोलिन नकोच म्हणते. तरी घ्यायचंच ठरलं असेल, तर निदान हा एक नियम मोडू नका. सहा वर्षांखालच्या मुलाला मोठ्याच्या कडेवर बसवूनसुद्धा वर नेऊ नका.

पाहुणे आले की नियम आधी ढिला होतो. "एकेकच चढा रे पोरांनो" असं स्वयंपाकघरातून ओरडून भागत नाही. तालमीत जोड चालू असताना वस्ताद हौद्याच्या कडेला उभा असतो, तसं एक मोठं माणूस शेजारी उभं लागतं, आणि त्याच्या हातात मोबाईल नको. कोलांटउडीला तर साफ बंदी. ऑलिंपिकमध्ये 2000 पासून हा खेळ आहे, पण तिथले खेळाडू प्रशिक्षकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं घोटून मग उलटी घेतात. परड्यात उलटी चुकली तर मूल मानेवर येतं. तसं झालंच, तर त्याला उचलून बसवू नका. हलवू न देता 108 ला फोन करा.

जागा मोजायच्या आधी दुकानात जाऊ नका

"मोठं घेऊया, पोरं वाढतील" हा विचार घात करतो. ट्रॅम्पोलिनच्या चारी बाजूंना किमान दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट, मोकळं लागतं. आठ फुटी घेतलं तरी एकवीस फूट लांब-रुंद जागा झाली. दहा फुटीला तेवीस. दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर बंगला बांधून मागं जे परडं उरतं, त्यात हे बसतच नाही. कंपाउंडची भिंत, धुण्याचा दगड, बोअरची मोटर, तुळशीचा कट्टा हे सगळं त्या वर्तुळाबाहेर हवं. वर बघायचंही विसरू नका: विजेची तार, कपड्यांची दोरी, आणि शेवग्याची फांदी. शेवगा ठिसूळ, वाऱ्यानं कधी मोडेल सांगता येत नाही.

जागा नाही म्हणून गच्चीवर बसवणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून असं करू नका. ट्रॅम्पोलिनवर उभ्या मुलाला कठड्याची उंची नावालाही उरत नाही.

खाली फरशी किंवा पेव्हर ब्लॉक नकोत. आखाड्याची माती खणून भुसभुशीत का ठेवतात हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. हिरवळ किंवा मोकळी माती चालेल, पण सपाट. काळी माती पहिल्या पावसात फुगते, मऊ होते आणि एका बाजूचे पाय रुततात. मग मूल दर उडीला उताराकडे सरकत जातं. "मॅट एका बाजूला ओढतेय" अशी तक्रार असेल, तर आधी स्प्रिंगा नव्हे, पायाखालची पातळी तपासा. जमिनीत खड्डा काढून बसवायचा विचार असेल तर पाण्याचा निचरा आधी बघा, नाहीतर जुलैत डबकंच होईल.

वळीव

एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वाऱ्यात ताणलेली मॅट आणि जाळी मिळून शिडासारखं काम करतात. बांधून न ठेवलेलं ट्रॅम्पोलिन कंपाउंड ओलांडून शेजाऱ्याच्या गाडीवर जाऊ शकतं. पायांवर विटा ठेवून काही होत नाही. यू आकाराच्या लोखंडी मेखा दीड-दोन फूट खोल ठोका. मुरमात घट्ट बसतात, काळ्या मातीत स्क्रूसारख्या पिळाच्या घ्या. अशा मेखा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल. फ्रेम मात्र त्याच्याकडून करून घेऊ नका. आपल्याकडच्या वेल्डिंगवर माझा विश्वास आहे, पण वेल्डिंग केलं की पाइपवरचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच शिरतो. शिवाय रोजच्या हिसक्यांचा भार किती, याची चाचणी कुणी घेतलेली नसते.

विकत घेताना दोन गोष्टी बघाच. जाळी स्प्रिंगांच्या आतल्या बाजूला, मॅटच्या कडेला जोडलेली असावी, म्हणजे पाय स्प्रिंगांत जाणारच नाही. आणि पेटीवर युरोपच्या ईएन 71-14 किंवा अमेरिकेच्या एएसटीएम एफ 381 या मानकाचा उल्लेख असावा. वजनमर्यादा लिहिलेली असते ती एका माणसाची. तीन पोरांच्या वजनाची बेरीज करून "बसतंय की" म्हणायला ती नसते.

कुरकुर, गंज आणि झोळ

स्प्रिंग कुरकुरत असेल तर अडकवायचा आकडा कोरडा पडलाय किंवा झिजतोय. काढून बघा, झिजला असेल तर बदला. ताण नसतानाही वेटोळ्यांमध्ये फट दिसत असेल तर ती स्प्रिंग संपली. नव्या स्प्रिंगा बसवताना एका बाजूनं ओळीनं लावत जाऊ नका. घड्याळातल्या बारा, सहा, तीन, नऊ अशा समोरासमोर लावा, नाहीतर शेवटच्या ओढवत नाहीत. हातमोजे घाला, सुटलेली स्प्रिंग बोट फोडते. जाळीचा आणि मॅटच्या शिवणीचा दोरा नखानं ओढून बघा. उन्हानं कुजलेला दोरा पटकन तुटतो, वरून कापड कितीही नवं दिसो.

खेळ झाला की शिडी काढून घरात ठेवायची. आमच्याकडे आता ती दादा स्वतः कुलपात ठेवतो.

जूनच्या पहिल्या सरीला मॅट, फोम आणि जाळी उतरवून माळ्यावर टाका. फोममध्ये मुरलेलं पाणी फ्रेमला चार महिने ओलं ठेवतं. खंडेनवमीला घरातली हत्यारं, गाड्या पुसून पूजेला मांडतोच, त्याच दिवशी फ्रेमचे नट-बोल्ट आवळायचे, गंजलेली जागा पॉलिश पेपरनं घासून झिंक प्रायमर मारायचा, तो पुरता वाळू द्यायचा आणि मगच मॅट चढवायची.